कर्जतचा वडा की घरच्या दशम्या?

मुंबईहून पुण्याला जाताना भोर घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लागतात, ती कर्जतला. तेवढ्या थांब्यात खिडकीशी वडेवाला हजर! गरम वडा, पाव, लसणाची सुकी चटणी आणि तळलेली, मीठ लावलेली मिरची. घाईत जीभ भाजते, पण पाऊस असेल तर मी दुसरं काही मागत नाही. वंदे भारतला मात्र हे सुख नाही. तिला मागून इंजिन लागत नाही आणि ती कर्जतला थांबतही नाही.

दशम्यांची कणीक दुधात भिजवतात, म्हणून त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. नागपूरपर्यंत जायचं तर दशम्याच. पुण्यापर्यंत? डबा घरीच ठेवा.