पांगुंगहार्जोत 9 महिने राहिल्यावर: गाव पास, मीटर नापास (खाली अपडेट आहे)

परवा बू आल्या होत्या. बू म्हणजे घरमालकीण, इथे इंडोनेशियात कुठल्याही मोठ्या बाईला बूच म्हणायचं. अर्धा तास माझ्या आईचे गुडघे, माझी परीक्षा, पाऊस कसा लांबला यावर बोलल्या, तळलेलं केळं खाल्लं, आणि चप्पल घालता घालता म्हणाल्या की पुढच्या वर्षीपासून भाडं "थोडंसं" बदलेल. किती ते नाही सांगितलं. जावा बेटावर आकडा तोंडावर सांगत नाहीत, तो तुम्ही दोन दिवस झोप घालवून स्वतःच काढायचा असतो. तर झोप गेलीच आहे तर म्हटलं नऊ महिन्यांचा हिशोब लिहून टाकू, सप्टेंबरच्या नव्या बॅचमधल्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

जोग्जा (म्हणजे योग्यकर्ता) शहर, दार्मासिस्वा ही परदेशी विद्यार्थ्यांसाठीची सरकारी शिष्यवृत्ती, कॅम्पसच्या गेटसमोरचे कोस्ट (भाड्याच्या खोल्या), कुठे काय खायचं, हे सगळ्यांनी लिहून झालंय, ते परत सांगत नाही. मी बाटिक शिकायला आले आणि गेटजवळच्या खोल्यांचा कंटाळा आला म्हणून गावात आत, पांदेस वाडीच्या बाजूला, छोटं घर वर्षाच्या करारावर घेतलं. करारावर 1 कोटी 30 लाख रुपिया (इथलं चलन) असा आकडा लिहिताना हात थरथरला, मग आपल्या रुपयात केलं तर वर्षाचे 68-70 हजार निघाले, तेव्हा जीव भांड्यात पडला. पुण्यात एवढ्यात चार महिने निघणार नाहीत.

गाव म्हणजे आपल्यासारखं वेस, पार, मारुती असं काही डोक्यात आणू नका. पांगुंगहार्जो हे कागदावर गाव, पण 14 वाड्या आणि 25 हजारांच्या वर माणसं. उत्तरेला जोग्जा शहराला चिकटलेलं, मधून दक्षिणेचा रिंग रोड जातो. रिंग रोडच्या अलीकडे लॉन्ड्री, फोटोकॉपी, कॉफीची दुकानं, आणि पलीकडे अजून भातशेती आहे. अजून म्हणजे या महिन्यात तरी आहे. मी आले तेव्हा खिडकीतून चार वाफे भात दिसायचा, आता त्यातल्या दोन वाफ्यांत एकसारखी सहा घरं उभी राहतायत आणि कोपऱ्यावर डाउन पेमेंटचा बोर्ड लागलाय. बूंचं भाडं कुठून वाढलं ते या बोर्डावरून कळलं.

आता मुद्द्यावर येते. मीटर.

इथे वीज प्रीपेड असते हे माहीत असेलच. दुकानातून किंवा फोनवरून टोकन घ्यायचं, 20 आकडी नंबर येतो, तो मीटरच्या बटणांवर दाबायचा की युनिट जमा होतात. माझं कनेक्शन 900 व्हीए, म्हणजे पंप आणि राइस कुकर चालू असताना इस्त्री लावली की खटका पडतो. त्याला इथे न्जेग्लेक म्हणतात, आवाजावरूनच शब्द पडलाय. त्याचं काही नाही, त्याची सवय होते. पण युनिट कमी झाले की मीटर ओरडतो. तुइत, तुइत, तुइत. आणि मीटर घरात नाही, तो बाहेर, पुढच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या हातभर वर, गल्लीकडे तोंड करून. म्हणजे पैसे संपलेत हे मला कळायच्या आधी अख्ख्या गल्लीला कळतं. पहिल्याच महिन्यात मी 45 हजार रुपियाचं प्लास्टिकचं स्टूल घेतलं, फक्त त्या मीटरपर्यंत हात पोचावा म्हणून. जानेवारीच्या पावसात, एका हातात छत्री, दातात मोबाईलचा टॉर्च, स्टुलावर उभी राहून 20 आकडे दाबायचे, सतरावा चुकला की परत पहिल्यापासून. हे चित्र डोळ्यासमोर आणा आणि मग मला सांगा की मी याच गोष्टीवर एवढं का लिहितेय.

बरं तोंडावर कुणी काही बोलत नाही. समोरच्या बू झाडता झाडता फक्त माझ्या मीटरकडे बघून हसायच्या. शेजारचं पाच वर्षांचं पोर मला बघितलं की "तुइत तुइत" करायचं, नमस्काराऐवजी. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात रात्री एकला मेसेज, "इंडियाच्या घराचा वाजतोय". इंडियाचं घर म्हणजे मी. आईला व्हिडिओ कॉल केला की तिचा पहिला प्रश्न, काय वाजायलंय गं तिथं, सिलेंडर तर गळंना ना?

मेसेज टाकणारे होते रोंदावाले. रोज रात्री गल्लीतले चार-पाच पुरुष पाळीने चौकीवर बसतात, पत्ते खेळतात, आणि मध्ये एक चक्कर मारतात. चक्कर मारताना प्रत्येक दाराजवळ टांगलेल्या डबीतून नाणं उचलायचं, त्याला जिम्पितान म्हणतात, पूर्वी मूठभर तांदूळ असायचे, आता 500 चं नाणं. तेवढ्यावर गल्लीचे दिवे, आजारपणाची मदत, मयतीचा खर्च निघतो. मी सुरुवातीला हिशोब केला होता की महिन्याचे 15 हजार म्हणजे आपले 80 रुपये कशासाठी द्यायचे, माझ्याकडे चोरायला आहे काय? मग दोन दिवस नाणं टाकलंच नाही. कुणी काही म्हणालं नाही. तिसऱ्या दिवशी समोरच्या बूंनी माझ्या डबीत माझ्यासाठी नाणं टाकताना मी खिडकीतून बघितलं. त्यानंतर आजपर्यंत एक दिवस चुकलेला नाही.

या सगळ्याचा मुकादम म्हणजे पाक एरते, गल्लीचा प्रमुख. 30-40 घरांमागे एक असा माणूस असतो, पगार नावापुरता, त्रास भरपूर. ही पद्धत जपान्यांनी दुसऱ्या महायुद्धात लोकांवर नजर ठेवायला आणली, जपानी गेले, पद्धत राहिली. गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे, पाहुणा 24 तास राहिला तर कळवायचं. माझी मैत्रीण सुराबायाहून आली तेव्हा मी कळवायला गेले, तर पाक एरते म्हणाले, माहीत आहे, काल रात्री तुमच्या मीटरचे युनिट भराभर उतरले. खरं बोलत होते की थट्टा, हे मला अजून कळलेलं नाही.

आता यातलं माझं पाप सांगते. मी दर वेळी 20 हजारांचंच टोकन घ्यायचे. एकदम एक लाख टाकायला हात व्हायचा नाही, उद्या खोली सोडली तर युनिट काय लातूरला नेणार? 20 हजारांत साधारण 14 युनिट पडतात, आणि वर प्रत्येक वेळी दुकानाचे अडीच हजार. म्हणजे पैसे वाचवायच्या नादात मी चार महिने प्रत्येक टोकनमागे आठवा हिस्सा दुकानाला दान करत होते. हे समोरच्या बूंच्या भाच्याने फेब्रुवारीत समजावलं. त्यानेच मीटर उघडून (म्हणजे उघडून नाही, बटणं दाबून) दाखवलं की अलार्मची मर्यादा 20 युनिटवर ठेवलेली होती. मी टाकणार 14, तो ओरडणार 20 च्या खाली. म्हणजे तो बंद होणं शक्यच नव्हतं! चार महिने मी मीटरला शिव्या घातल्या आणि तो बिचारा नियमाने चालत होता. बूंनाही हे माहीत नव्हतं, आधीचा भाडेकरू लाखाचं टोकन घ्यायचा म्हणे. पोराने काहीतरी कोड टाकून मर्यादा खाली आणली आणि एकदम शांतता. त्या रात्री पहिल्यांदा मला मागच्या ओढ्यातले बेडूक ऐकू आले.

इथपर्यंतचं वाचून कुणाला वाटेल गावात दुसरं काही नाही. आहे, भरभर सांगते.

कचरा. इथे कचऱ्याला फार महत्त्व आहे आणि त्याला कारण आहे. अख्ख्या जोग्जाचा कचरा पियुंगानच्या डेपोत जायचा, तो 2023 च्या जुलैमध्ये भरून बंद पडला आणि शहरात रस्त्यारस्त्यावर पिशव्यांचे ढीग लागले होते. पांगुंगहार्जोने मात्र 2013 पासून स्वतःची कचऱ्याची व्यवस्था आणि गावाची स्वतःची कंपनी काढलेली. 2014 ला देशात पहिल्या नंबरचं गाव ठरलं ते असल्याच कामांमुळे. भाडेकरूसाठी याचा अर्थ एवढाच की ओला, विकाऊ आणि बिनकामाचा असं वेगळं करायचं, नाहीतर बू स्वतः पिशवी उलटी करून अंगणात मांडून दाखवतात. माझी नारळाची करवंटी चुकीच्या पिशवीत गेली होती, ती त्यांनी धुऊन परत आणून दिली, त्यात आता माझे ब्रश असतात. तळणीचं उरलेलं तेलसुद्धा गोळा करतात. दिवाळीच्या चकल्यांचं तेल मी बाटलीत भरून दिलं, फेकायच्या गोष्टीचे पैसे मिळाले, यापेक्षा मोठा आनंद मला या देशात झालेला नाही.

शेजारच्या गावात साखर कारखाना आहे. आपल्याकडे दिवाळीनंतर धुराडं पेटतं, इथे उलटं, मे-जूनमध्ये, कोरड्या दिवसांत गळीत सुरू होतं. त्याआधी दोन ऊस नवरा-नवरी म्हणून सजवतात, वाजतगाजत नेतात आणि गव्हाणीत टाकतात. आपण तुळशीच्या लग्नाला उसाचा मांडव करतो, इथे उसाचंच लग्न लावतात आणि लगेच चरकात. गेल्या महिन्यात वाळत टाकलेल्या कपड्यांवर काजळीचे तुकडे दिसले आणि मळीचा वास आला, तेव्हा दोन मिनिटं मी औशालाच होते. समोरच्या बू वैतागून कपडे आत नेत होत्या आणि मी बाहेर उभी राहून वास घेत होते.

पांदेसमध्ये खेळणी बनवणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. आता मोजक्याच उरल्यात. माझ्या गल्लीच्या टोकाला एक म्बाह (आजी) बसतात, बांबूची काडी नखाएवढी चिरून, त्यावर रंगीत कागद चिकटवून भिंगरी करतात. खळ बोटानेच लावतात आणि उरलेली खळ गुडघ्याला पुसतात, गुडघ्यावर तिचा पापुद्रा धरलाय. मी विचारलं शिकवाल का, तर काडी हातात दिली. माझ्या पहिल्या सात भिंगऱ्या फिरल्या नाहीत. आठवी फिरली, तर त्यांनी ती विकायच्या टोपलीत टाकली, मला दिली नाही!

क्राप्याकचा तो चौकोनी जुना विटांचा मनोरा, पहिल्या सुलतानाने हरणांच्या शिकारीसाठी 1760 च्या सुमारास बांधलेला, तो याच गावात आहे. 2023 ला जोग्जाच्या इतर जुन्या वास्तूंबरोबर युनेस्कोच्या यादीत गेला. तेव्हा इथे जंगल होतं, आता त्याला वळसा घालून मोटरसायकली जातात. एकदा बघा, दहा मिनिटं पुरतात.

एक गोष्ट मात्र भरभर सांगता येत नाही. 27 मे 2006 ला पहाटे सहाच्या आत इथे भूकंप झाला, 5700 च्या वर माणसं गेली, आणि सगळ्यात जास्त मार या बांतुल जिल्ह्याला बसला. यंदा 27 मे ला बूंनी गल्लीत भाताचे डबे वाटले. मी त्यांना सांगितलं की मी किल्लारीच्या जवळची आहे, 30 सप्टेंबर 1993, पहाटे चार, आई अजून सांगते. त्यांना किल्लारी माहीत असायचं कारण नाही, पण पहाट म्हटल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. आमच्याकडे गावंच्या गावं दुसरीकडे नेऊन वसवली, नवीन रांगा, नवीन प्लॉट, जुने शेजारी कुठल्या कुठे. इथे लोकांनी त्याच जागेवर, एकमेकांची घरं मिळून बांधली. बूंनी मला माझ्या खोलीच्या कोपऱ्यातला कॉलम हाताने थोपटून दाखवला, हा आम्ही ओतला, समोरचीचा नवरा आणि माझा. मी नऊ महिने त्याच कॉलमला चार्जरची वायर चिकटवत होते.

अपडेट, चार दिवसांनी: वरचं लिहून ठेवलं होतं, टाकायच्या आधी हे घडलं. भाच्याने मर्यादा इतकी खाली आणली होती की मीटर ओरडायचं जवळजवळ विसरलाच. रविवारी सकाळी मी इमोगिरीला बाटिकवाल्या बायकांकडे गेले, रात्री नऊला आले, घर काळोखात. युनिट शून्य. फ्रीजमध्ये तीन दिवसांचं डोशाचं पीठ फुगून दारातून खाली आलेलं, सहा टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आंबट, आणि आईने कुणाकडून तरी पाठवलेलं तूप वितळून शेल्फवर. ग्रुपवर एकही मेसेज नाही. समोरच्या बूंना विचारलं तर म्हणाल्या, वाजलाच नाही म्बाक (म्हणजे ताई), आम्हाला कसं कळणार? यात थोडा ठपका होता असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावून मर्यादा परत वाढवून 5 युनिटवर आणून घेतली. काल रात्री वाजला. ग्रुपवर लगेच मेसेज आला, सोबत टाळ्यांचे चार इमोजी.

भाड्याचं असं झालं की पाक एरतेंच्या बायकोकडून आकडा फिरून माझ्याकडे आला, दीड कोटी. मी समोरच्या बूंना सहज सांगितलं की एक कोटी चाळीसपर्यंत मला झेपलं असतं. बूंपर्यंत ते संध्याकाळी पोचलं असणार. आज सकाळी त्या केळी घेऊन आल्या आणि भाड्याचा विषयच काढला नाही, म्हणजे बहुतेक जमलं. न जमल्यास घर सप्टेंबरपासून रिकामं आहे, ज्यांना हवं त्यांनी विचारा. राइस कुकर चालू असताना इस्त्री लावू नका. मीटरचं स्टूल दाराच्या मागे आहे, ते घराबरोबर येत नाही, वेगळे 25 हजार पडतील, त्यात घासाघीस नको.