अठ्ठावीस इंचांचा गळ

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करून मला सत्तावीस वर्षं झाली. मायक्रोमीटरवर एक रेघ इकडची तिकडं झाली तरी जॉब बाजूला काढून ठेवणारा माणूस मी. तोच मी एक माप नीट न विचारल्यामुळं ११,१९६ रुपयांना बसलो. घरी आकडा सांगायला महिना गेला. इथं लिहितोय ते आपल्या भागात गळ टाकायचा नाद असलेले पुष्कळ आहेत म्हणून.

रविवारी आम्ही तिघं हिडकल धरणाच्या मागच्या पाण्याला जातो. ठेक्याच्या माणसांना विचारून एका कडेला बसायचं, बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, शिसं, रोहूला कणकेचा गोळा, मरळीला बेडूक, बाकीच्यांना गांडूळ. दुपारपर्यंत चार चिलापी मिळाल्या तरी खूश. पण आमच्यातल्या एकानं गोव्याहून रीळवाला रॉड आणला आणि माझं मन बांबूवरनं उडालं. त्याचा रॉड दुमडला की दोन फुटांचा, ओढला की आठ फूट. पुढची सगळी गडबड या दोन फुटांमुळं झाली.

मिरगाच्या तोंडाला मोबाईलवर जाहिरात दिसली. ‘इम्पोर्टेड ट्रॅव्हल रॉड-रीळ सेट, बॅगेत मावणारा.’ फोटोत लाल जाकीट घातलेला एक गोरा आणि त्याच्या हातात कडेवर घ्यावा एवढा मासा. किंमत ६,९९९ खोडून २,७९९. व्हॉट्सॲपवर मी विचारलं, लांबी किती? उत्तर आलं, ‘२८ इंच सर, बॅगमध्ये बसतो.’ मी मनात म्हटलं, म्हणजे दुमडल्यावर २८. तसं त्यानं म्हटलंच नव्हतं. ते माझं मीच धरून चाललो. विदेशात यानंच मासे काढतात का, विचारलं. ‘हो सर, रोज.’ तेही खोटं नव्हतं! कुरिअरवाल्याच्या हातात पैसे द्यायची सोय नाही, आजच ऑफर संपते, म्हणून सगळे पैसे आधीच पाठवले.

आठ दिवसांनी खोकं आलं. वरती ना आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, ना छापील किंमत, ना महिना-वर्ष. बाहेरून आणलेल्या मालाच्या पाकिटावर हे असावंच लागतं, पण तेव्हा कोण बघतो? आत काठी, रीळ, बारीक तंगूस, गव्हाच्या दाण्याएवढे रंगीत गळ आणि ‘फ्री गिफ्ट’ म्हणून दोन वस्तू. एक लांब दांड्याचा भोकंभोकं असलेला डाव. दुसरी म्हणजे दोरीनं बांधलेल्या दोन मुठी, प्रत्येकीला पुढं खिळा. बायको म्हणाली, “रॉड मागवलासा की बुंदीचा झारा?”

काठी ओढून बघितली, वाढेना. पिळून बघितली, तरी नाही. वाटलं, घट्ट बसली असेल, पाण्यावर बघू.

हिडकलला काठी पिशवीतनं काढली तसा गोव्याच्या रॉडवाला ओरडला, “अरे, काठी घरीच विसरलास काय? नुसती मूठच आणलायस की!” गळ फेकला तो माझ्या पायापासून चार हातांवर पडला. रीळ पतंगाच्या फिरकीसारखं, त्यातनं दोरा भसाभसा सुटत नाही. शेवटी काठावरच गळ सोडून बसलो. तासाभरानं काहीतरी जड लागलं, शेंडा उदबत्तीसारखा वाकला आणि टच्! तंगूसच तुटला. पाऊण तास दोघं हसत होते.

संध्याकाळी कॅनडात विनिपेगला असलेल्या भाच्याला फोटो पाठवला. तो आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, “मामा, हा बर्फावरचा रॉड आहे.” तिकडं हिवाळ्यात तळी गोठतात. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, त्यामुळं तळाचं पाणी तसंच राहतं आणि बर्फ वरच्या वर धरतं. खाली मासा जिवंत. लोक ड्रिलसारख्या यंत्रानं बर्फाला वीतभर रुंदीचं भोक पाडतात, शेजारी स्टुलावर बसतात आणि गळ सरळ खाली सोडतात. लांब फेकायचंच नाही, तर लांब काठी कशाला? दोन-अडीच फुटांची पुरे. थंडीत मासा सुस्त असतो, नुसता तोंड लावून बघतो, म्हणून शेंडा मऊ आणि दोरा बारीक. माझा तंगूस चार पौंडांचा, म्हणजे पावणेदोन-दोन किलोचा ताण सोसणारा. काठीवरच्या कड्या मोठ्या का, तर भिजलेला दोरा गोठून त्यात अडकू नये म्हणून. झारा हा भोकात साचणारा बर्फाचा चुरा काढायला. आणि खिळ्यांच्या मुठी? त्या गळ्यात अडकवून बर्फावर जायचं. पायाखालचं बर्फ फुटून पाण्यात पडलं तर खिळे कडेच्या बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं. चालत जायला निदान ४ इंच स्वच्छ, कडक बर्फ पाहिजे, पांढुरकं असेल तर त्याच्या दुप्पट. भाचा दरवर्षी विनिपेग सरोवरावर जातो. “तुमचा सेट चांगला आहे मामा, फक्त तळं चुकलं,” म्हणाला.

जाहिरातीचा फोटो परत उघडून बघितला. त्या गोऱ्याच्या मागं क्षितिजापर्यंत पांढरं. आम्ही मासा बघत बसलो होतो.

इथवर २,७९९ च गेले होते. हसून सोडलं असतं तर बरं झालं असतं. पण मला राग आला आणि मी पैसे परत मागितले. अर्ध्या तासात त्यांचा फोन, आवाज मुलीचा, मराठी अगदी गोड. “सॉरी काका, पार्सल बदललं वाटतं. लगेच रिफंड करते.” एक क्यूआर आला, रक्कम २,७९९. “स्कॅन करा, पिन टाका, पैसे खात्यात जमा होतील.” पैसे आपल्या खात्यात यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याकडनंच जातात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पोराला मीच सांगितलेलं. पण माणूस गोड बोलत असला की हात आपोआप चालतो. २,७९९ गेले. तशी ती म्हणाली, “अय्यो काका, सर्व्हर उलटा झाला. आता दोन्ही मिळून ५,५९८ चा पाठवते.” तोही स्कॅन केला! बँकेचा मेसेज वाचेपर्यंत फोन कट.

त्या रात्रीच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करायला पाहिजे होता. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येतात. मी लाजेनं गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत फोन केला तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं. व्यवहाराचे क्रमांक, स्क्रीनशॉट सगळं घेऊन ठाण्यात गेलो. तक्रार कन्नडमध्ये लिहून घेणारा हवालदार ‘बर्फावरचा गळ’ इथं येऊन थांबला. माझ्याकडं बघून मोडक्या मराठीत म्हणाला, “हिडकलमध्ये बर्फ कुठलं हो?” मी म्हटलं, तेच तर साहेब.

पाच पैसे अजून परत आलेले नाहीत.

आता खडेबाजारातल्या एका दुकानातनं सात फुटांचा रॉड घेतला. हातात धरून, शेंडा वाकवून, रीळ दोनदा फिरवून. ऑनलाइनच घ्यायचा असेल तर उघडल्यावर पूर्ण लांबी किती, काठावरनं फेकायचा की नाही, दोरा किती पौंडांचा, हे तिन्ही लेखी विचारा आणि पैसे पार्सल बघून द्या. विकणाऱ्याचं खरं नाव, पत्ता आणि माल कुठल्या देशातला हे जाहिरातीत नसेल तर तिथनंच परत फिरा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. माल वेगळा निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, पिन टाकून पैसे गेले तर १९३०, आणि तोही त्याच मिनिटाला.

झारा बायकोनं स्वयंपाकघरात घेतला नाही. कसला पत्रा आहे कुणास ठाऊक, म्हणाली. तो आणि खिळ्यांच्या मुठी माळ्यावर आहेत.

परवा तीच जाहिरात परत दिसली. पानाचं नाव नवं, किंमत १,९९९. तोच लाल जाकीटवाला, तोच मासा, मागं तेच बर्फ. खाली आपल्याच निपाणीकडच्या कुणीतरी विचारलंय, ‘लांबी किती?’