विल्पेना पाउंड बघायचं तर अद्न्यामथाना गाईडबरोबरच

ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून फ्लिंडर्स रेंजेसच्या डोंगरात विल्पेना पाउंड (कड्यांनी वेढलेलं, वाटीसारखं मोठं खोरं) बघायला जाणारे आपले बरेच जण गाडी काढतात, लुकआउटवर फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी परत, म्हणून मुद्दाम लिहितेय. एवढं साडेचारशे किमीच्या आसपास ड्राइव्ह करून जाताय तर अद्न्यामथाना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, गाईडची टूर घ्याच, पैसे पूर्ण वसूल. डोंगर त्यांचाच आहे, २००९ मध्ये कोर्टाने नेटिव्ह टायटल, म्हणजे मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा परंपरागत हक्क, मान्य केलं आणि २०१६ पासून नॅशनल पार्कच्या नावातही पाउंडचं त्यांच्या भाषेतलं नाव, इकारा, आलं.

आम्ही सेक्रेड कॅन्यनची टूर केली. तिथे आता गाईडशिवाय जाता येत नाही आणि ते अगदी योग्य आहे. कोरड्या ओढ्यातून चालत जायचं, बाजूला लालसर कातळ, त्यावर एकात एक गोल आणि प्राण्यांच्या पावलांचे ठसे कोरलेले. आमच्या गाईडनी एकदाही दगडाला बोट लावलं नाही, लांबूनच हाताची सावली पाडून एकेक रेघ दाखवली, तेव्हा कुठे नीट दिसायला लागलं. हे माणसांनी कोरलेलं नाही, सृष्टी घडत होती तेव्हा पूर्वजांनी केलंय असं ते मानतात.

आणि पाउंडची गोष्ट तर त्यांच्याच तोंडून ऐका. युर्लू हा किंगफिशर म्हातारा उत्तरेकडून इकाराच्या विधीला निघाला, मी येतोय हे कळावं म्हणून वाटेत जाळ करत आला, त्या जाळाचा कोळसा म्हणजे ली क्रीकचा कोळसा (तिथली खाण २०१५ ला बंद झाली), आणि त्याच वेळी दोन अकुर्रा, म्हणजे प्रचंड मोठे सर्प, तेही आले, त्यांनी जमलेल्या लोकांना वेढा घातला आणि जवळजवळ सगळ्यांना गिळलं. पाउंडच्या भिंती म्हणजे त्यांचीच शरीरं. हे ऐकून परत वर बघितलं की त्या कड्यांचा बाक वेगळाच दिसतो, खरंच.

सेंट मेरी पीक, पाउंडचं सगळ्यात उंच शिखर, म्हणजे त्यातल्या एका अकुर्राचं डोकं. चढायला बंदी नाहीये, पण टोकावर जाऊ नका अशी त्या लोकांची विनंती आहे, तर प्लीज शिखराच्या अलीकडच्या टँडेरा सॅडल या खिंडीवरून मागे फिरा. आपण कळसूबाईला देवीसाठीच वर चढतो, इथे मान राखायचा म्हणजे वर जायचं नाही, एवढं आपल्याला नक्की जमेल. सॅडलवरून व्ह्यू तसाही जबरदस्त आहे.

तक्रार एकच, वेळ कमी पडतो, प्रश्न विचारायचे राहून जातात. उन्हाळ्यात (तिथला डिसेंबर ते फेब्रुवारी) जाऊ नका, ऊन सहन होत नाही, मे ते सप्टेंबर बेस्ट, पण शाळेच्या सुट्ट्या असतील तर बुकिंग आधीच करून ठेवा. आर्कारू रॉक या कातळाच्या आडोशातली गेरूची आणि कोळशाची चित्रं आपली आपण जाऊन बघता येतात, पण ती टूरनंतर बघा, कारण त्यात हीच अकुर्राची गोष्ट आहे.