पॅसेजचा स्विच हलवायचा होता: गिरगावातल्या वायरमनचा अनुभव

आधी निकाल सांगते. पाच पैकी चार. कापलेला एक कशाबद्दल ते पुढे येईलच.

काम म्हटलं तर एवढंसं. पॅसेजमधल्या दिव्याचा स्विच दार उघडलं की दारामागे जातो. सासूबाई आता वॉकर घेऊन चालतात. रात्री बाथरूमला जायचं तर आधी वॉकर बाजूला, मग दार अर्धं लोटायचं, मग अंधारात भिंत चाचपायची. स्विच दाराच्या दुसऱ्या बाजूला आणायचा, बस्स. इमारत जुनी. वायरिंग कुणी, कधी, किती वेळा बदललं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. माळ्याखाली लाकडी केसिंग-कॅपिंग (तारा झाकणाऱ्या पट्ट्या) अजून दिसतं, हॉलमध्ये सगळं कन्सील्ड, भिंतीच्या आत. वीज देणाऱ्या बेस्टचा संबंध मीटरपर्यंत. त्याच्या पुढचं जे काही, ते आपलं आपण निस्तरायचं.

आधी एका अ‍ॅपवरून मुलगा बोलावला होता. त्याने दिवा बंद केला, डीबीतली (घरातल्या सगळ्या लाइन जिथून फुटतात तो बोर्ड) ‘पॅसेज’ लिहिलेली एमसीबी (त्या लाइनची वीज तोडणारा खटका) पाडली, स्विचची प्लेट उघडली आणि टेस्टर लावून म्हणाला, “दोन्हीत फेज येतोय, काहीतरी लोचा आहे, नवीनच लाइन टाकू.” भिंत कापायचा ग्राइंडर पिशवीतून बाहेर आला तसा मी त्याला चहा देऊन घरी पाठवला. एमसीबी पाडल्यावरही फेज येतो, म्हणजे तार जिवंतच आहे, हे त्याला खटकलंच नव्हतं.

मग शेजारच्या वहिनींनी या काकांचं नाव सुचवलं. परवानाधारक वायरमन, पन्नाशीच्या पुढचे, गळ्यात चष्मा. फोनवरच म्हणाले, “ताई, पहिल्या दिवशी मी फक्त बघणार. पाहणीचे पाचशे. काम तुम्ही माझ्याकडून करून घ्या, नाहीतर दुसऱ्याकडून.” नुसतं बघायचे पाचशे? यजमानांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण मला नेमकं हेच पटलं.

आल्या आल्या काकांनी पक्कड काढलीच नाही. पॅसेजचा दिवा लावला आणि तो चालू ठेवूनच डीबीतल्या एमसीबी एकेक करून पाडत गेले. ‘पॅसेज’ची पाडली, दिवा तसाच. ‘हॉल’ची पाडली, तसाच. ‘किचन’ची पाडल्यावर गेला. म्हणजे पॅसेजच्या दिव्याला फेज स्वयंपाकघरातून येत होता, आणि तो मुलगा एमसीबी पाडल्याच्या समजुतीत जिवंत तारेवर हात चालवत होता. काकांनी तिथल्या तिथे लेबलावर पेनने काट मारली.

मग त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या स्विचवर गेली. त्यावर आमची काळी चिकटपट्टी. “याला हात लावला तर पॅसेजचा दिवा लागत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “फार वर्षं झाली. म्हणून बंद करून टाकलाय.” काका खूश! “आजी, अर्धं काम तुम्हीच केलंत.” चिकटपट्टी काढून त्यांनी खटका खाली-वर केला, दिवा गेला आणि आला. त्यांचा अंदाज, आणि पुढे तोच खरा निघाला: हा टू-वे आहे, जिन्याच्या दिव्याला असतो तसा, एकच दिवा दोन ठिकाणांहून लावता-विझवता येणारा. टू-वेच्या स्विचला तीन टर्मिनल असतात. मधलं ते कॉमन. एका स्विचच्या कॉमनला फेज, दुसऱ्या स्विचच्या कॉमनला दिव्याकडे जाणारी तार. दोन्ही स्विचच्या मध्ये दोन तारा. त्यातली एक कुठेतरी तुटली की दोन्ही खटके चांगल्या तारेवर असतील तेव्हाच दिवा लागतो. चिकटपट्टीने आम्ही एक खटका चांगल्या तारेवर कायमचा डांबून ठेवला होता, म्हणून पॅसेजचा स्विच वर्षानुवर्षं साध्या स्विचसारखा चालला.

आता तो ‘दोन्हीत फेज’चा लोचा. टेस्टरमधल्या निऑनला पेटायला विजेचा अगदी बारीक अंश पुरतो. तुटलेली तार चालू तारेच्या शेजारून एकाच पाइपमधून येत असेल तर तिच्यातही थोडा व्होल्टेज उतरतो आणि टेस्टर पेटतो. काकांनी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून दाखवला: ८०-९० व्होल्टच्या आसपास आकडा नाचत होता. मग होल्डर, बल्ब आणि दोन लांब तारा असा घरगुती टेस्ट लॅम्प काढला. स्विचच्या बॉक्समध्ये न्यूट्रल (विजेची परतीची तार) नव्हताच, तो सरळ दिव्याकडे गेलेला, म्हणून न्यूट्रल शेजारच्या सॉकेटमधून घेतला. एका तारेवर बल्ब झगझगीत, दुसरीवर ढिम्म. बल्ब जोडताच तिच्यावरचा मल्टिमीटरचा आकडाही शून्यावर आला. भुताटकी संपली. (हा टेस्ट लॅम्प घरी करून बघायची हौस मला आली होती. काकांनी एका नजरेत ती उतरवली.)

पुढचं सगळं मेन पाडून. तारा सोडवण्याआधी फोटो, मग प्रत्येक तारेला चिकटपट्टीचं शेपूट आणि त्यावर आकडा. रंगांवर विश्वास नाही. बॉक्समध्ये दोन लाल, एक काळी, आणि दिव्याकडे जाणारी तार काळी निघाली. म्हणजे दिवा चालू असताना फेज काळीतच, जी एरवी न्यूट्रलची समजतात. टेस्टर चालतोय की नाही हे आधी चालू सॉकेटवर बघायचं, मग काम करायच्या तारेवर, मग पुन्हा सॉकेटवर, ही सवय मी आता उचलली आहे. शेवटी मल्टिमीटरच्या बझरने (तार अखंड असेल तरच वाजतो) पॅसेज ते स्वयंपाकघर अशी एकेक तार लावून पाहिली. एक वाजली, एक वाजली नाही. तुटका तुकडा माळ्याखालच्या जॉइंटमध्ये सापडला: कधीतरी टाइल्स बसवताना कापून, टेप गुंडाळून ठेवलेला.

कामाच्या दिवशी भिंत फोडलीच नाही. जुना बॉक्स तसाच ठेवून त्यात कनेक्टरने जोड दिले आणि वर कोरी प्लेट लावली. जोड प्लास्टरमध्ये गाडायचा नाही, कधीही उघडता आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. तिथून दाराच्या वरून पीव्हीसी केसिंग फिरवून नवा बोर्ड दुसऱ्या बाजूला, जमिनीपासून जेमतेम साडेतीन फुटांवर, म्हणजे सासूबाईंचा हात वॉकरवरून सहज पोचतो. तारा नव्या, १.५ स्क्वेअर एमएमच्या. किचनचा स्विचही जिवंत झाला. सासूबाईंना लाल दिवावाला इंडिकेटर स्विच हवा होता. काका म्हणाले, त्या लाल दिव्यातून जाणाऱ्या एवढ्याशा करंटनेही काही एलईडी बल्ब बंद असताना मिणमिणतात. त्याऐवजी सॉकेटमध्ये छोटा नाइट लॅम्प लावून दिला.

सामान मीच लोहार चाळीतून आणलं, त्यांनी यादी लिहून दिली होती. एवढ्याशा कामाला ९० मीटरचं बंडल घेऊ नका, मीटरवर सुटी वायर मिळते, फक्त आयएसआयचा शिक्का बघून घ्या, हे त्यांचंच म्हणणं. सामानात कमिशन न मारणारा वायरमन मुंबईत विरळा.

आता तक्रारी. रविवारची वेळ दिली आणि लोकलच्या मेगाब्लॉकमुळे दुपारी उगवले. मेगाब्लॉक असणार हे सगळ्या मुंबईला आदल्या दिवशीच कळतं, एक फोन करायला हरकत नव्हती. कामात असताना फोन उचलत नाहीत. बिल मागितल्यावर वहीचं पान फाडून दिलं. केसिंगच्या ड्रिलिंगची धूळ आम्हीच पुसली. आणि बोलतात फार. प्रत्येक तारेमागे एक गोष्ट. घाई असेल त्याने यांना बोलावू नये.

पाहणीचे पाचशे कामाच्या मजुरीतून वजा केले नाहीत. यजमानांनी विचारून पाहिलं. “ते वेगळं काम होतं, साहेब,” एवढंच म्हणाले.