स्वयंपाकघर नवं केलं, आता वापरून सांगतो

काम संपून बरेच महिने झाले. नव्याची नवलाई ओसरली, पाहुण्यांचं ‘वा, छान झालंय’ म्हणून झालं, आणि कप्प्यांत वस्तूंनी आपापल्या जागा धरल्या. काम संपल्या संपल्या लिहिलेला अभिप्राय रंगाविषयीच असतो, म्हणून मुद्दाम थांबलो होतो. एवढ्या वापरानंतर माझं मत असं आहे की जे मोजून ठरवलं ते उत्तम चाललंय, आणि जे फोटो बघून ठरवलं ते रोज पुसावं लागतंय.

मोजून म्हणजे भिंती मोजून नव्हे, भिंती सगळेच मोजतात. आराखडा काढायच्या आधी आम्ही जुनी कपाटं रिकामी केली आणि सगळं सामान बाहेरच्या खोलीत जमिनीवर मांडलं. रोजचं एकीकडे, अधूनमधून लागणारं दुसरीकडे, पाहुणे आले तरच लागणारं भिंतीला लावून. चौथा ढीग आपोआप तयार झाला: हे आपल्याकडे आहे हेच ज्याच्याबद्दल माहीत नव्हतं तो. तो ढीग नव्या स्वयंपाकघरात आलाच नाही, आणि एक अख्खं कपाट वाचलं. मग सगळ्यात उंच बाटली, सगळ्यात रुंद ताट, झाकणासकट सगळ्यात मोठं पातेलं, भांडं बसवलेला मिक्सर, यांची मापं कागदावर लिहून डिझाइन करणाऱ्यापुढे ठेवली. त्याचा नमुना ठरलेला होता. सगळे ड्रॉवर एकाच उंचीचे, कारण समोरून रेषा जुळतात. आमच्या कागदाने त्या रेषा मोडल्या. चमचे-सुऱ्यांचा ड्रॉवर आतून दहा सेंटिमीटर, ताटल्या-वाट्यांचा वीस, पातेल्यांचा तीसच्या पुढे. फोटोत थोडं विस्कळीत दिसतं खरं. पण कुठल्याच ड्रॉवरमध्ये झाकण अडकत नाही आणि कुठल्याच ड्रॉवरच्या वरची वीतभर जागा वाया जात नाही.

आता ओट्याच्या उंचीबद्दल, कारण यावर घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली. प्रमाण म्हणून सगळीकडे ९० सेंटिमीटर सांगतात. त्यामागचा हिशोब मात्र फारसा कुणी सांगत नाही. ताठ उभं राहून कोपर काटकोनात दुमडायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायचं आणि त्यातून १० ते १५ सेंटिमीटर वजा करायचे. चिरायला, मळायला ती उंची बरी. शेगडीचं गणित वेगळं, कारण शेगडीवर पातेलं चढतं आणि ढवळणारा हात त्याच्याही वर जातो, म्हणून तिथला ओटा खाली हवा. सिंकचं उलटं. धुताना हात ओट्यावर नसतो, भांड्याच्या तळाशी असतो, आणि तो तळ ओट्याच्या वीसेक सेंटिमीटर खाली. त्यामुळे चिरताना सोयीचा वाटणारा ओटा भांडी घासताना पाठीत भरतो.

मी उंच, बायको माझ्याहून बरीच बुटकी, आणि स्वयंपाक दोघंही करतो. शेवटी सिंक आणि चिरण्याची जागा ९० वर आणि शेगडीचा भाग ८२ वर, असं दोन पातळ्यांत काम करून घेतलं. ओटा बसवणाऱ्यांना ते पटलं नव्हतं. ‘साहेब, एकसलग दगड छान दिसतो,’ हे त्यांनी प्रत्येक वेळी सांगितलं. दिसतोच. पण आता बायकोला मोठ्या पातेल्यात आत काय चाललंय ते टाचा न उचलता दिसतं, आणि मला चिरताना मान खाली घालावी लागत नाही. तोटाही सांगतो. पायरी जिथे आहे तिथल्या कोपऱ्यात ओला कचरा बसतो आणि नुसत्या फडक्याने निघत नाही, तिथे जुना दातांचा ब्रश लागतो. शिवाय जड भांडं शेगडीवरून सरकवत बाजूला घेता येत नाही, उचलावंच लागतं. घरात एकच जण स्वयंपाक करत असेल तर या भानगडीत पडू नका, त्याच्या कोपराच्या मापाने सरळ एक ओटा करा.

मांडणीबाबत सगळीकडे कामाच्या त्रिकोणाचा दाखला मिळतो. फ्रीज, सिंक आणि शेगडी ही तीन टोकं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९४० च्या दशकात ही कल्पना मांडली गेली. प्रत्येक बाजू साधारण १.२ ते २.७ मीटर आणि तिन्ही मिळून ४ ते ८ मीटरच्या आत, असं तिचं सूत्र. कल्पना चांगली आहे, पण ती एकाच माणसाला धरून आखलेली आहे. दोघं जण एकदम आत असले की त्रिकोण मोडतो, कारण एकाची वाट दुसऱ्याच्या पाठीमागून जाते. आमचं स्वयंपाकघर लांबट, त्यात त्रिकोण बसतही नव्हता. आम्ही नुसता क्रम पाळला: फ्रीज, मग सामान टेकवायला थोडी जागा, सिंक, मग चिरण्याची जागा, मग शेगडी. यातली सिंक आणि शेगडीमधली ९० सेंटिमीटर जागा ही आमच्या घरातली सगळ्यात वापरातली जागा आहे. बाकी ओटा कितीही लांब असो, काम तिथेच होतं. ती जागा आखडून सिंक मोठं करण्याचा सल्ला मिळाला होता, तो ऐकला नाही याचं रोज समाधान वाटतं. फ्रीजशेजारची ४० सेंटिमीटर टेकवायची जागाही तशीच. बाजारातून आलेली पिशवी तिथे उतरते आणि तिथूनच आत जाते.

फ्रीजवरून आठवलं. आराखड्यात फ्रीज नुसता चौकोन असतो, त्याला दार नसतं. सुतारकाकांना आम्ही आधीच म्हटलं होतं, ‘काका, दार पूर्ण उघडून आतला ट्रे बाहेर येतो का तेवढं बघा.’ त्यांनी जागेवर पुठ्ठा धरून बघितलं आणि शेजारचं उभं कपाट चार बोटं अरुंद केलं.

खालच्या भागात कपाटं जवळजवळ नाहीतच, सगळे ड्रॉवर. यात शंकेला जागा नाही. खालच्या कपाटात मागची वस्तू काढायला गुडघे टेकावे लागतात आणि पुढच्या सगळ्या बाहेर काढाव्या लागतात. ड्रॉवर ओढला की वरून सगळं दिसतं. मात्र चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी, पूर्ण बाहेर येणारं हवं. तीन चतुर्थांश येणारं घेतलं तर मागचा भाग परत अंधारात जातो, मग कपाट काय वाईट? वजनक्षमताही विचारून घ्या. ३० किलोचं आणि त्याहून बरंच जास्त पेलणारं, अशी दोन्ही चॅनेलं दुकानात सारखीच हळुवार बंद होतात. फरक कळतो तो पातेल्यांनी भरल्यावर. आमच्या ९० सेंटिमीटर रुंद ड्रॉवरला जड चॅनेल आहे आणि तो आजही एका बोटाने ओढता येतो. अरुंद ड्रॉवरना हलकं घातलं, तेही ठीक. एका ड्रॉवरचं तोंड मध्यंतरी तिरकं झालं होतं. बाजूच्या स्क्रूने ते जुळवता येतं, सुताराला बोलवायची गरज नाही. बिजागऱ्यांचंही तेच, तीन दिशांना सरकवता येतात. काम करणाऱ्यांकडून जाण्यापूर्वी हे एकदा करून दाखवायला सांगा.

कोपऱ्यातलं फिरतं युनिट मात्र माझ्या हिशोबाने महाग पडतं. फिरतं छान, पाहुण्यांना दाखवायलाही मजा येते, पण गोल थाळ्यांमुळे चौकोनी कोपऱ्यातली बरीच जागा मोकळी राहते आणि उभी ठेवलेली बाटली फिरताना मागे पडली की ती काढणं म्हणजे दिव्य. कोपरा सरळ बंद करून शेजारचे ड्रॉवर रुंद करणं हा पर्याय दिसायला उधळपट्टीचा, वापरायला स्वस्त.

चिमणीत आवाज आणि ओढ या दोन्ही गोष्टी यंत्रापेक्षा पाइपवर ठरतात, हे बहुतेक घरांत नंतर कळतं. आमच्या यंत्राचं तोंड १५० मिलिमीटरचं. बसवायला आलेला माणूस १०० चा पाइप घेऊन आला, कारण भिंतीत भोक तेवढंच पाडायची त्यांची पद्धत. ऐकायला फरक एक तृतीयांशाचा वाटतो, पण हवा जाते ती क्षेत्रफळातून, आणि १०० च्या पाइपचं क्षेत्रफळ १५० च्या निम्म्याहूनही कमी भरतं. तेवढीच हवा अरुंद वाटेने ढकलायची म्हणजे आवाज वाढणार आणि ओढ घटणार. बरीच वादावादी झाली, ‘सगळीकडे असंच बसवतो’ हेही ऐकून झालं, पण भोक मोठं करून घेतलं. वाकण एकच ठेवलं, कारण प्रत्येक काटकोनात हवा अडते. पन्हाळीसारखा सुरकुतलेला लवचीक पाइप न घालता आतून गुळगुळीत पाइप घातला. आज आम्ही चिमणी सहसा सगळ्यात कमी वेगावर चालवतो आणि खाली उभं राहून साधं बोलता येतं. खिडकीची एक फट उघडी ठेवली की आणखी चांगली ओढते. बाहेर जाणाऱ्या हवेइतकी आत यायलाही हवी ना. यंत्र शेगडीपासून किती उंच हवं ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, गॅसच्या शेगडीसाठी बहुधा ६५ ते ७५ सेंटिमीटरच्या आसपास. डोकं आपटतं म्हणून वर सरकवू नका.

ओट्याला ग्रॅनाइट घेतला. क्वार्ट्झचा ओटा दिसायला एकसारखा आणि डाग कमी धरणारा, पण त्यातली खडीची भुकटी रेझिनने, म्हणजे प्लास्टिकसारख्या डिंकाने, बांधलेली असते आणि रेझिनला थेट गरम भांडं मानवत नाही, कायमचा डाग पडू शकतो. आमच्या घरात गरम पातेलं खाली काही न ठेवता टेकवण्याची सवय मोडणार नव्हती. ग्रॅनाइटचं दुखणं वेगळं, तो थोडं शोषतो, म्हणून सीलर लावावा लागतो. तपासणी सोपी आहे. चार थेंब पाणी टाकून काही मिनिटं थांबायचं, खालचा दगड गडद झाला तर सीलरची वेळ झाली. आमचा अजून तरी गडद होत नाही. संगमरवराचा विचार एका फटक्यात बाद केला. तो चुनखडीच्याच जातीचा, लिंबू सांडलं की चकाकी गेली.

सिंक ३०४ दर्जाच्या स्टीलचं, ओट्याच्या खालून बसवलेलं. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे दुकानात उलटं ऐकायला मिळालं तर गोंधळू नका. ओटा पुसून कचरा थेट आत लोटता येतो, हे सुख मोठं आहे. पण दगड आणि सिंकमधल्या सिलिकॉनची रेघ नळामागच्या कोपऱ्यात काळी पडायला लागलीय. तिथे हवा लागत नाही, फडकंही नीट पोचत नाही. ती पट्टी आता काढून नव्याने भरावी लागणार. सिंकखालच्या कपाटाला पाण्यात टिकणारा प्लाय घातला आणि प्रत्येक कड बंद करून घेतली, कापलेल्या भोकांच्या आतल्या कडासुद्धा. पाणी फळीच्या सपाटीवरून क्वचितच शिरतं, ते कडेतून शिरतं.

दिव्यांबद्दल एकच सांगतो. छताचा दिवा कितीही झगझगीत असला तरी ओट्यापाशी उभं राहिलं की आपलीच सावली चिरण्याच्या फळीवर पडते. वरच्या कपाटांखाली पट्टी लावा, आणि ती भिंतीकडे नको, पुढच्या कडेला लावा. ४००० केल्विनचा, म्हणजे ना पिवळट ना निळसर, आणि रंग खरे दाखवणारा दिवा घ्या, म्हणजे सीआरआय ९० च्या वर. शिळी भाजी ताजी दिसत नाही हा त्याचा फायदाच.

वरच्या उघड्या फळ्या आणि काळी, मॅट, बिनमुठीची दारं ही दोन फोटोतून आलेली पाहुणी. दारांवर प्रत्येक बोटाचा ठसा दिसतो, आणि मूठ नसल्यामुळे प्रत्येक वेळी बोट दारालाच लागतं. फळ्यांवर चिमणी चांगली असूनही तेलकट धूळ बसतेच. रोज वापरातले पेले तिथे ठेवले तर ते धुतले जातात आणि प्रश्न राहत नाही, शोभेच्या बरण्या ठेवल्या तर त्या चिकटतात. आम्ही बरण्या काढून टाकल्या.

दाटीवाटीच्या जागेत काय काय करता येतं यासाठी १९२६ चं फ्रँकफर्ट किचन जरूर बघा. वास्तुरचनाकार मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की यांनी साधारण १.९ बाय ३.४ मीटरमध्ये ते बसवलं होतं. नावं लिहिलेले, ओतायला तोंड असलेले धातूचे डबे, आणि चिरण्याच्या जागेतच कचऱ्याचा ड्रॉवर. आमचा कचऱ्याचा ड्रॉवर तिथूनच उचलला. चिरण्याच्या जागेखाली, सिंकखाली नाही. तो वरून ओढून उघडायचा आणि सालं थेट आत. घरातल्या मुलांनासुद्धा शिकवावं लागलं नाही.

कामाच्या क्रमात एक गोष्ट धरून ठेवा. खालची कपाटं बसवून पातळीत आल्यावरच दगडाचं माप घ्यायला सांगा, कागदावरच्या मापावर दगड कापू देऊ नका. भिंती काटकोनात नसतात. आमच्या एका कोपऱ्यात कागद आणि भिंत यांत चांगला बोटभर फरक निघाला. ओव्हन आणि भांडी धुण्याचं यंत्र यांना स्वतंत्र वायरिंग, पाण्याजवळच्या पॉइंटना ३० मिलिअँपिअरचं वीजगळतीसंरक्षण (वीज गळली की लगेच तोडणारं), आणि ओट्यावर वाटतात त्याच्या दुप्पट पॉइंट. यावर वाद घालू नका.

टाइल लागण्याआधी उघड्या भिंतींचे फोटो काढून ठेवले होते, प्रत्येक फोटोत जमिनीपासून उभी धरलेली मोजपट्टी, पाइप आणि वायरी दिसतायत असे. परवा सिंकशेजारी डाव-झारे अडकवायला दांडी बसवायची होती. फोटो काढून बघितला तर नेमकं त्याच उंचीवरून पाण्याचं पाइप जात होतं. दांडी आठ सेंटिमीटर वर घेतली आणि ड्रिल चालवलं.