जर्मनीतला शिकारीच्या परवान्याचा झटपट कोर्स: थिअरीला पैकीच्या पैकी, रेंजला काठावर पास

रेटिंग: ५ पैकी साडेतीन. शाळेचं नाव देत नाही, कारण अशा प्रायव्हेट शाळा जर्मनीत बऱ्याच आहेत आणि चौकशी केली तेव्हा सगळ्यांचा साचा साधारण सारखाच दिसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जर्मनीत शिकार करायची तर यागडशाइन, म्हणजे शिकारीचा परवाना लागतो आणि तो नुसती फी भरून मिळत नाही, लेखी, तोंडी-प्रॅक्टिकल आणि नेमबाजी अशी तिन्ही पास व्हावी लागतात. इथले लोक या परीक्षेला गमतीने हिरवी बारावी म्हणतात आणि सिलॅबस बघितला की ते उगाच नाही हे कळतं, प्राणी-पक्षी, जंगल, शेती, कुत्री, बंदुका, कायदा, मांसाची स्वच्छता सगळं आहे त्यात. एक रस्ता म्हणजे गावच्या शिकारी संघटनेचा कोर्स, तो कित्येक महिने संध्याकाळी आणि वीकेंडला चालतो. दुसरा म्हणजे प्रायव्हेट शाळेत दोन-तीन आठवडे सकाळ ते संध्याकाळ घोकंपट्टी. नोकरीमुळे मी दुसरा घेतला.

कायद्याचे सर एक नंबर. शिकारीचा हक्क इथे जमिनीला चिकटलेला आहे हे त्यांनी पहिल्याच तासाला डोक्यात बसवलं. सलग ७५ हेक्टर जमीन असेल तर तुमचं स्वतःचं शिकार क्षेत्र होतं, त्यापेक्षा कमी असेल तर गावातल्या सगळ्यांच्या जमिनी मिळून एक क्षेत्र (किमान १५० हेक्टर) आणि मालकांची मिळून एक मंडळी, आणि ती मंडळी ते क्षेत्र कुणाला तरी भाड्याने देते, कायद्यानुसार सहसा किमान ९ वर्षांसाठी! वर रानडुकरांनी कुणाचा मका उकरला तर भरपाई मंडळीवर येते आणि करारात ती बहुतेक वेळा भाडेकरू शिकाऱ्याच्याच गळ्यात घातलेली असते. थोडक्यात, परवाना मिळाला म्हणून जंगल मिळत नाही, कुणाच्या तरी क्षेत्रात त्याच्या परवानगीनेच जायचं. शाळेच्या जाहिरातीत याबद्दल चकार शब्द नाही, धुक्यातलं मचाण आणि हिरवी टोपी घातलेला माणूस एवढंच दाखवतात, हे मला खटकलं.

गाडीखाली हरीण आलं तर ते डिकीत टाकून घरी न्यायचं नाही हेही तिथेच कळलं. ते त्या क्षेत्राच्या शिकाऱ्याचं असतं, तुम्ही नेलं तर चोरटी शिकार धरतात. पोलिसांना फोन करायचा आणि थांबायचं. शिकार करत नसाल तरी एवढं लक्षात ठेवा.

वर्गात एक ब्रिटिश होता, तो पहिले दोन दिवस नुसता हसत होता, कारण त्यांच्याकडे बंदुकीचं सर्टिफिकेट पोलीस देतात पण शिकारीची सक्तीची परीक्षाच नाही. मग सरांनी त्याला ऐकवलं की शिकारी कुत्र्यांच्या झुंडी सोडून कोल्हा मारणं इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून बंद झालं, आमच्याकडे घोडे आणि कुत्री घेऊन पाठलाग १९३४ लाच बंद झालाय, आणि फ्रान्समध्ये तो अजून कायदेशीर आहे. इटलीत तर कुंपण नसलेल्या खाजगी शेतात शिकारी मालकाला न विचारता शिरू शकतो, तशी तरतूद त्यांच्या दिवाणी संहितेतच आहे. आणि स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा कॅन्टनने (तिथलं राज्यच म्हणा) १९७४ मध्ये मतदान घेऊन हौशी शिकार बंदच करून टाकली, तिथे रानडुकरं वाढली की सरकारी वनरक्षक मारतात. हे सगळं सिलॅबसच्या बाहेरचं, कॉफीच्या सुट्टीतलं, पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं तेच.

आता रेंज. नेमबाजीत नापास झालात तर बाकीच्या मार्कांनी ते भरून निघत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय, म्हणजे खरा वेळ तिथे द्यायला हवा. पण एका ट्रेनरमागे इतकी माणसं की निम्मा वेळ बाकावर बसून कान झाकायचे, शाळेची रायफल माझ्या खांद्याला लांब पडत होती, पळत्या रानडुकराच्या टार्गेटला जेमतेम थोड्या गोळ्या मिळाल्या, आणि काडतुसांचे पैसे वेगळे हे शेवटी बिलात कळलं. सेफ्टी मात्र कडक, नळी चुकून जरी माणसाकडे वळली तरी बाहेर, यात तक्रार नाही. छापील नोट्स जुन्या होत्या, पाणथळ जागी शिशाच्या छऱ्यांवर युरोपियन युनियनने फेब्रुवारी २०२३ पासून बंदी घातलीय ते त्यात नव्हतंच, आम्ही हाताने लिहून घेतलं.

मांसाचा भाग बेस्ट. रे जातीचं छोटं हरीण समोर ठेवून पोट कसं उघडायचं, आतडी न फोडता कशी काढायची, यकृत-फुप्फुसं बघून आजार कसा ओळखायचा हे प्रत्येकाच्या हातून करून घेतलं. रानडुकराचं मांस कृमींची तपासणी झाल्याशिवाय खायला देता येत नाही, आणि बव्हेरियाच्या काही भागात तर चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातामुळे अजून किरणोत्सर्ग मोजावा लागतो, किलोला ६०० बेकरेलच्या वर गेलं की विकता येत नाही. एवढ्या वर्षांनी! आमच्यातले दोघं हे सगळं बघून दुपारी जेवले नाहीत, पण शिकवलं झकास.

परंपरांचा तास मात्र अक्षरशः उरकला. मेलेल्या जनावराच्या तोंडात शेवटचा घास म्हणून हिरवी डहाळी ठेवतात, दुसरी मारणाऱ्याला देतात आणि ती टोपीच्या उजव्या बाजूला खोचायची, डहाळी ओक, पाइन, स्प्रूस, फर किंवा आल्डर यांचीच, बीच चालत नाही भले सगळं जंगल बीचचं असो. हाका संपला की जनावरं ओळीने मांडून शिंगं फुंकतात, आणि मांडलेल्या जनावराला ओलांडून कुणी जायचं नाही. हे सगळं आम्हाला बंद खोलीत स्लाइडवर! बाहेर पन्नास पावलांवर जंगल होतं, एखादी डहाळी तोडून आणली असती तरी चाललं असतं. शिंगाची धून मोबाइलवर ऐकवली. तरुण पोरं खिदळत होती आणि सरही घड्याळ बघत होते.

एक मात्र पक्कं बसवलं त्यांनी, रानडुकरं वर्षभर मारता येत असली तरी पिल्लं सांभाळणारी मादी मारली तर तो फौजदारी गुन्हा आहे, म्हणून कळप आला की आधी मोठं जनावर नाही, पिल्लू. ऐकायला वाईट वाटतं पण नियम तसा आहे.

खर्च: फी अडीच हजार युरोच्या आसपास, त्यावर परीक्षा फी, काडतुसं, राहणं. पास झाल्यावर परवान्याचे पैसे, सक्तीचा विमा आणि बंदुकीसाठी सर्टिफाइड तिजोरी, ती स्वस्त नसते. जर्मन चांगलं येत नसेल तर जाऊच नका, तोंडी परीक्षेत अडकाल.

मला विचाराल तर वेळ असेल त्यांनी गावच्या संघटनेचाच कोर्स करावा, पुढे शिकारीला बोलावणारी माणसं तिथेच भेटतात, इथे सगळे आपापल्या गावी पांगले आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आता फक्त सेकंड हँड दुर्बिणी विकायला येतात. घाईच असेल तर हा चालेल, फक्त एका ट्रेनरमागे किती जण आणि काडतुसं फीमध्ये धरलीत का, हे अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी लेखी घ्या.