बी-२०: घराच्या बॉयलरला बिनधास्त, गाडीला जपून

न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन खोऱ्यात तेलावर तापणारी घरं अजून पुष्कळ आहेत. गॅसची लाईन आमच्या रस्त्यापर्यंत आलेलीच नाही. तळघरात २७५ गॅलनची लोखंडी टाकी, शेजारी बॉयलर आणि भिंतींच्या कडेने गरम पाणी फिरवणारे पाईप, अशी आमची सोय. त्या टाकीत आम्ही काही हिवाळ्यांपासून बी-२० भरतो, म्हणजे २० टक्के बायोडिझेल (सोयाबीनसारख्या तेलांपासून बनवलेलं इंधन) आणि बाकी नेहमीचं हीटिंग ऑइल. आमची गाडी २०१४ची डिझेल शेवरोले क्रूझ. तिच्यातही पंपावर मिळेल तेव्हा २० टक्के मिश्रणाचं डिझेल घालतो. सांगलीहून दादा फोनवर सारखं विचारतो, "ते तेलाचं खरंच चालतं का गं?" त्याचं उत्तर एकदाच नीट लिहून टाकते.

घरासाठी: हो, नक्की घ्या. आमचं घर पूर्वीइतकंच तापतं. शुद्ध बायोडिझेलमध्ये गॅलनमागे साधारण ८ टक्के ऊर्जा कमी असते, पण २० टक्के मिश्रणात तो फरक दीड टक्क्याच्या आसपास येतो आणि बिलात तो शोधूनही सापडत नाही. तळघरातला तो उग्र वास मात्र लक्षात येण्याइतका कमी झाला. वार्षिक सफाईला येणारा टेक्निशियन बॉयलर उघडून काजळी दाखवतो. ती पूर्वी ब्रशने खरवडावी लागायची, आता बरीचशी भुकटीसारखी निघते. यातलं थोडं श्रेय गंधक कमी केलेल्या नव्या हीटिंग ऑइललाही आहे, सगळं बायोडिझेलला देणं बरोबर नाही.

पहिल्या हिवाळ्यात एक अडचण आली, ती आधी माहीत असलेली बरी. बायोडिझेल स्वतःच चांगलं द्रावक आहे. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ ते सोडवतं आणि तो थेट फिल्टरमध्ये येतो. आमचा फिल्टर तुंबला, बर्नर बंद पडला, लाल रीसेट बटण दाबूनही पेट घेईना. तेल पुरवणाऱ्या कंपनीने हे आधीच सांगितलं होतं. माणूस त्याच दिवशी आला, फिल्टर आणि नॉझल बदलून गेला. दुसऱ्यांदा फिल्टर बदलल्यावर प्रश्न मिटला. टाकी जुनी असेल तर थंडी सुरू व्हायच्या आधीच बी-२० सुरू करा आणि एक जादा फिल्टर घरात ठेवा. टाकी अंगणात उघड्यावर असेल तर मी बी-२० सुचवणार नाही. सोयाबीनचं बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपासच गढूळ व्हायला लागतं. मिश्रणात ते थोडं सावरतं, पण इथल्या जानेवारीशी पैज लावू नये. तळघरातल्या टाकीला हा त्रास नाही.

पैशांचं म्हणाल तर आमच्याकडे दर साध्या तेलाच्या जवळपासच राहिला आहे. शिवाय राज्याच्या आयकरात सवलत मिळाली: बायोडिझेलच्या प्रत्येक टक्क्याला गॅलनमागे एक सेंट, जास्तीत जास्त २० सेंट. मिश्रणाची टक्केवारी बिलावर छापून घ्या, सवलत मागताना ती लागते. तसंही राज्यात विकल्या जाणाऱ्या हीटिंग ऑइलमध्ये १ जुलै २०२२पासून किमान ५ टक्के आणि १ जुलै २०२५पासून किमान १० टक्के बायोडिझेल कायद्यानेच आलं आहे, आणि २०३०पर्यंत ते २० टक्क्यांवर न्यायचं ठरलं आहे. म्हणजे घाबरणारे शेजारीही ते आधीपासून जाळतच आहेत.

गाडीची गोष्ट वेगळी. आमच्या क्रूझला कंपनीनेच २० टक्क्यांपर्यंत परवानगी दिलेली आहे, म्हणून आम्ही घालतो. इंजिन जरा मऊ चालतं, मायलेजमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. मात्र थंडी पडली की आम्ही ५ टक्क्यांवर उतरतो, कारण गाडी रात्रभर बाहेर उभी असते.

दादा, तुझ्या बीएस-६ गाडीसाठी मुद्दा थंडीचा नाही, डीपीएफचा आहे. सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा तो फिल्टर साफ करताना बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडलं जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. साधं डिझेल तिथून बरंचसं उडून जातं. बायोडिझेल जास्त तापमानाला उकळतं, त्यामुळे ते ऑइलमध्येच राहतं आणि ऑइल पातळ होतं. म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या टक्क्यांच्या वर जाऊ नकोस, आणि ऑइल वेळेआधी बदललंस तर उत्तमच. बायोडिझेल पावसाळ्यात कॅनमध्ये साठवूनही ठेवू नकोस. ते डिझेलपेक्षा जास्त ओलावा धरतं आणि काही महिन्यांत खराब होतं.

हायवेवर "बायोडिझेल"चा बोर्ड लावून स्वस्तात जे विकतात, त्याची मला खरी काळजी वाटते. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये अशा बेकायदा पंपांवर धाडी पडल्या आहेत. खऱ्या बायोडिझेलला भारतात आयएस १५६०७ हे मानक आहे. तेल त्यात बसतं याचा कागद पंपवाल्याकडे नसेल तर तिथून एक लिटरही घेऊ नये. करंजाच्या तेलावर आजीचा दिवा लागायचा, त्या करंजापासून चांगलं इंधन होऊ शकतं हे मी मनापासून मानते. म्हणूनच त्याच्या नावावर भेसळ विकलेली सहन होत नाही.

आता आम्हाला बी-५०वर जायचं आहे. टेक्निशियनने टॉर्च लावून आमचा बर्नर तपासला आणि सांगितलं, पंपाचे रबरी सील बदलावे लागतील, आणि ज्योत ओळखणारा सेन्सरही, कारण जास्त बायोडिझेलची ज्योत कमी पिवळी असते. जुनी दुरुस्ती करण्यापेक्षा शुद्ध बायोडिझेलला चालणारा नवा बर्नरच बसवा, असं त्याचं मत पडलं. ते मला पटलं, आणि मी त्याचं कोटेशन मागवलं आहे.